गाण्याखाली आपलं नाव

 

आम्ही भिवंडीच्या सहा जणी. कोणी कामतघरला राहते, कोणी भादवडला, कोणी पद्मानगरला, तर कोणी कल्याण नाक्याजवळ. आमच्यात एक अंगणवाडी सेविका आहे, एक घरी कांड्या भरते, एक जेवणाचे डबे करते, दोघी शिवणकाम करतात. सहाव्या म्हणजे आमच्या मावशी. वय ६७, सगळा जन्म भातशेतीत गेलेला. गाण्याची परीक्षा आमच्यातल्या कुणीच दिलेली नाही. बचत गटाची बैठक संपली की दोन भजनं म्हणायची, कुणाच्या घरी हळद असली की गायला जायचं, एवढीच आमची तयारी.

यंदा एका गीतलेखन स्पर्धेची जाहिरात वाचली. अट अशी की शब्द आणि चाल दोन्ही स्वतःची हवीत. ध्वनिमुद्रण घरी, फोनवर केलेलं चालेल. आम्ही तीन गाणी पाठवली. निकाल अजून लागायचा आहे, म्हणून आज बक्षिसाचं काही सांगणार नाही. गाणं कसं केलं, लूमच्या आवाजात ते कसं रेकॉर्ड केलं, आणि फॉर्ममधल्या एका रकान्यापाशी आम्ही दोन दिवस का अडून बसलो, ते सांगणार आहोत.

आधी शब्दांचं सांगतो. गाणं लिहायचं म्हटलं की पहिल्यांदा चंद्र आठवतो, मग चांदणं, मग साजण. लहानपणापासून तेच कानावर पडलेलं असतं. आम्ही एक साधा नियम केला. गेल्या आठवड्याभरात ज्या वस्तूला आपला हात लागला नाही, ती गाण्यात घ्यायची नाही. या नियमाने चंद्र गेला. त्याच्या जागी पाण्याचा पिंप आला, कांडी आली, रातपाळीचा डबा आला. कांड्या भरणाऱ्या मैत्रिणीने मग ओळी केल्या त्या अशा :

रातपाळी सुटली बाई, दारी चप्पल वाजली
डब्यामधी भाकर माझी, तशीच्या तशी राहिली

भाकर का राहिली, हे पुढच्या कडव्यात येतं. तार सारखी तुटत होती, माग सोडून उठायला सवड मिळाली नाही. ज्या घरात रातपाळीचा माणूस आहे, तिथे हे समजावून सांगावं लागत नाही. आम्हाला पहिल्यांदा गाऊन दाखवलं तेव्हा दोघी-तिघींचा हात आपोआप डोळ्यांकडे गेला.

आता चाल. इथे जरा नीट ऐका, कारण पुष्कळ जणी इथेच अडकतात. आपली भजनी मंडळं सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर देवाचे शब्द बसवतात. मंडळात, देवळात ते वर्षानुवर्षं चालत आलंय. पण स्पर्धेत 'चाल स्वतःची' असं लिहिलं असेल, तर ते तिथे बसत नाही. त्या चालीला संगीतकार आहे, ती त्याची आहे.

मग परंपरेने आलेल्या चालीचं काय? हा प्रश्न मावशींच्या गाण्यामुळे आला. मावशी आगरी. ठाणे-रायगडकडच्या आगरी लग्नात धवलारीण असते. ती धवले गाते आणि त्या गाण्यांच्या साथीने लग्नाचे विधी पार पडतात. मावशींना असे किती धवले पाठ आहेत, याची मोजदाद त्यांनाही नाही. त्यांचं नवं गाणं साहजिकच त्याच वळणाने आलं. पारंपरिक चालीला कोणी एक मालक नसतो, ती वापरायला कुणाची हरकत नाही. पण ती 'माझी' म्हणून लिहिली तर ते खोटं होईल. म्हणून पहिली ओळ धवल्याच्या वळणाची ठेवली, अंतऱ्याची चाल मावशींनी स्वतः बांधली, आणि फॉर्मवर तसंच लिहिलं : सुरुवात पारंपरिक धवल्याच्या वळणावर, पुढची चाल स्वतःची. हे चालेल का, म्हणून आयोजकांना आधी विचारून घेतलं. चालेल म्हणाले.

मावशींचं गाणं त्यांच्या शेतावर आहे. आपल्या तालुक्यात नाशिक महामार्गाच्या बाजूने भाताची शेतं होती, तिथे आता गोदामं उभी आहेत, हे तुम्ही रोज पाहता. त्यांच्या दोन ओळी सांगतो :

गोदामाच्या जोत्याखाली, बांध माझा गाडला
मिरगाचा पाऊस आला, पत्र्यावरी सांडला

आता रेकॉर्डिंग. भिवंडीत शांत जागा कुठे मिळणार, असं सगळ्याच विचारतात. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना लूम आहेत. आवाज दोन तऱ्हेचे असतात, आणि त्यांवरचे उपाय वेगवेगळे आहेत. एक म्हणजे घराच्या आतला घुमारा. रिकाम्या खोलीत टाळी वाजवा. टाळीमागे झणकार ऐकू आला, तर तोच तुमच्या गाण्यातही येणार. त्याला उपाय गोधडी. दोरीवर दोन-तीन गोधड्या टाका, कपड्यांचं कपाट उघडं ठेवा आणि त्याच्याकडे तोंड करून गा. झणकार बराच कमी होतो. चादर पातळ असते, तिचा फारसा उपयोग होत नाही.

दुसरा आवाज बाहेरचा. लूमची घरघर भिंतीतून, जमिनीतून येते. ती गोधडीला जुमानत नाही. तिच्यावर खरा उपाय वेळ. आमच्या गल्लीत पाळी बदलताना थोडा वेळ माग थांबतात, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी तर बऱ्यापैकी शांत असतं. तुमच्या गल्लीतली शांत वेळ तुम्हीच हेरा. दोन दिवस घड्याळाकडे लक्ष ठेवलं की सापडते. तरीही तळाशी थोडी घरघर राहिलीच, तर ऑडॅसिटी नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर संगणकावर मिळतं. त्यात ८० हर्ट्झच्या खालचे आवाज कापता येतात. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात किती कंपनं होतात ते मोजायचं माप. बाईचा गाण्याचा आवाज याच्या बराच वर असतो, त्यामुळे गळ्याला धक्का लागत नाही. ढोलकीच्या धुमेला मात्र लागतो, म्हणून ढोलकी वेगळी रेकॉर्ड केली असेल तर हे फक्त आवाजाच्या पट्टीवर करायचं.

पंखा बंद. मिक्सर बंद. फ्रिजसुद्धा बंद, कारण तो मध्येच गुरगुरायला लागतो. बंद करताना दुधाची पिशवी बाहेर ओट्यावर काढून ठेवायची, म्हणजे काम झाल्यावर फ्रिज पुन्हा चालू करायची आठवण राहते. कुकरच्या शिट्ट्या आधीच आटोपून घ्यायच्या. फोन विमान मोडवर टाकायचा, नाहीतर शेवटच्या ओळीला नणंदेचा फोन येतो.

फोन हातात धरून गाऊ नका, बोटांची घसपट आवाजात येते. डब्यांची उतरंड करा, वर घडी घातलेला टॉवेल ठेवा आणि त्यावर फोन, तोंडाच्या उंचीला. बहुतेक फोनचा माइक खाली, चार्जिंगच्या खाचेशेजारी असतो. तो तोंडाकडे हवा, पण अगदी समोर नको. एक-दीड वीत अंतर आणि जरासा बाजूला. समोर असला की प, फ, भ ही अक्षरं फुंकरीसारखी आपटतात. ढोलकी वाजवणारी चार-पाच हात लांब, शक्यतो दाराशी बसवा. ढोलकी आवाजावर चढली तर ती नंतर खाली उतरवता येत नाही.

सुरासाठी दुसऱ्या फोनवर तानपुरा लावा, पण तो इअरफोनमधून आणि एकाच कानात. दुसरा कान स्वतःचा गळा ऐकायला मोकळा ठेवायचा.

आणि एक. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटवर गाणं रेकॉर्ड करू नका. ती सोय बोलण्यासाठी आहे, आवाज आवळून लहान केला जातो. फोनमधलं रेकॉर्डर ॲप उघडा, सेटिंगमध्ये सगळ्यात वरचा दर्जा निवडा, वेव्ह फाइल असेल तर उत्तम. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. प्रत्येक गाणं निदान तीनदा गा. आम्ही बहुतेक वेळा दुसरं गायन ठेवलं. पहिल्यात भीती होती, तिसऱ्यात दमणूक.

आता त्या रकान्याकडे येतो.

फॉर्ममध्ये गीतकार, संगीतकार, गायिका आणि संपर्क असे चार रकाने होते. मावशींच्या घरी फोन नातवाचा, ईमेल नातवाची. फॉर्म भरायला तोच बसला. गीतकार आणि संगीतकार या दोन्ही रकान्यांत त्याने स्वतःचं नाव टाकलं. पोरगं चांगलं आहे. आजीसाठी गोधड्या टांगल्या त्यानेच, रात्री जागून आवाज साफ केला त्यानेच. ईमेल ज्याची त्याचंच नाव घालायचं असतं, असा त्याचा समज होता. आम्ही म्हटलं, बाळा, गायिका सोडून बाकी दोन्हीकडेही आजीचं नाव हवं. तो लगेच बदलायला तयार झाला. अडून बसल्या त्या मावशी.

मावशींचं म्हणणं मुद्द्याचं होतं. त्या म्हणाल्या, "धवल्याखाली कुणाचं नाव असतं काय? मला सासूने दिले, तिला तिच्या सासूने. नाव घातलं की गाणं एकीचं होतं. मग दुसरी गाताना बिचकेल. राहू दे पोराचं नाव, नाहीतर मंडळाचं घाला."

आम्ही दोन दिवस यावर बोलत राहिलो. पाणी भरताना बोललो, रिक्षात बोललो. गाणं सगळ्यांचं राहावं, ही मावशींची इच्छा आम्हालाही मान्य होती. पण नाव घातलं म्हणून गाणं कोंडलं जातं का? आमच्यातली एक म्हणाली, जनाबाईचे अभंग बघा. शेवटच्या ओळीत जनीचं नाव असतंच. सातशे वर्षं झाली, ते गाताना कोणती बाई बिचकली? उलट नाव आहे म्हणून आपल्याला माहीत आहे की दळणकांडण करणारी एक बाई हे बोलून गेली.

दुसरी म्हणाली, आणि धवल्यांचंच म्हणाल तर मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री महदंबा मानतात. तेराव्या शतकातली, महानुभाव पंथातली. तिची गाजलेली रचना म्हणजे धवळेच, श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची गाणी. महानुभावांनी ते लिहून ठेवलं, नावासकट जपलं. म्हणून धवळ्यांना नाव नसतं असं नाही, आपण लिहून ठेवलं नाही एवढंच.

मावशी ऐकत होत्या. पटल्यासारखं दिसत नव्हतं. शेवटी अंगणवाडीवाली म्हणाली, "मावशी, गाणं शेतावरचं आहे. त्या शेताच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव कधी होतं?"

"नव्हतं," मावशी म्हणाल्या. "आधी सासऱ्यांचं. मग ह्यांचं."

शेत विकलं तेव्हा मावशींची सही लागली नव्हती. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. चाळीस पावसाळे त्या त्याच शेतात चिखलात वाकून आवणी करत होत्या. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग मावशी नातवाला म्हणाल्या, "घाल माझं. आडनावासकट घाल." आणि त्याच दमात म्हणाल्या, "खाली तुझंही घाल, आवाज तू साफ केलास." फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता. आम्ही शेरा म्हणून लिहिलं, ध्वनिमुद्रण : नातू, आणि पुढे त्याचं नाव.

मैत्रिणींनो, नावाच्या या गोष्टीला कायद्याचाही आधार आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा एका गाण्यात तीन वेगळ्या वस्तू मानतो. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. तिन्हींचे हक्क वेगवेगळ्या माणसांकडे असू शकतात. फोन कुणाचा यावरून शब्द कुणाचे ते ठरत नाही. हक्क निर्माण व्हायला नोंदणी सक्तीची नाही, गाणं लिहून किंवा रेकॉर्ड होऊन तयार झालं की हक्क आला. शब्दांवरचा हक्क लिहिणारीच्या हयातीत आणि तिच्यामागे ६० वर्षं राहतो. म्हणजे तो लेकी-नातवंडांपर्यंत जातो.

हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनेच देता येतो. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतात. २०१२ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. ध्वनिमुद्रित गाण्याच्या रॉयल्टीतला गीतकाराचा आणि संगीतकाराचा समान वाटा आता त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही, तसा करार केला तरी तो टिकत नाही. आणि हक्क विकल्यावरही 'हे मी केलं' असं म्हणण्याचा अधिकार करणारीकडेच राहतो.

म्हणून स्पर्धेचे नियम बारीक अक्षरांसकट वाचा. आमच्या फॉर्मच्या मागे लिहिलं होतं की आलेल्या गाण्यांचे सर्व हक्क कायमचे आयोजकांकडे राहतील. आम्ही पत्र लिहून विचारलं, सर्व म्हणजे कोणते? उत्तर आलं की फक्त कार्यक्रमात वाजवण्यापुरते. मग तसं लेखी द्या, म्हटलं. त्यांनी दिलं. तो कागद आमच्या बचत गटाच्या फाइलमध्ये आहे. विचारल्याने कुणी रागावलं नाही, आणि कुणाचं गाणं बादही झालं नाही.

लिहून ठेवण्याने काय होतं, याची दोन उदाहरणं आपल्या महाराष्ट्रातच आहेत. जळगावच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या ओव्या रचत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावाने त्या वेळोवेळी उतरवून ठेवल्या. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांच्या गाण्यांचं पुस्तक आलं. लिहिणारा हात मुलाचा होता, पुस्तकावर नाव आईचं आलं. आमच्या मावशींच्या नातवाला आम्ही ही गोष्ट सांगितली, तेव्हा त्याला एकदम कळलं.

दुसरं उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून घेतल्या. त्या आता इंटरनेटवरच्या 'पारी' या संग्रहात वाचायला आणि ऐकायला मिळतात. ओवीबरोबर गाणारीचं नाव असतं, गावाचं नाव असतं. जातं गेलं, पिठाची गिरणी आली, पण अमुक गावच्या अमुक बाईने हे म्हटलं होतं, एवढं उरलं.

आता शेवटी काम सांगतो, या आठवड्यात करण्यासारखं. एक वही घ्या. तुम्ही केलेलं एखादं तरी गाणं असेल. बाळाला निजवताना जुळलेलं असेल, बारशाला केलेलं असेल, नाहीतर भांडण झाल्यावर चुलीपुढे सुचलेलं. ते पूर्ण लिहून काढा. लिहिता येत नसेल तर लेकीला सांगा, ती उतरवेल. खाली तारीख घाला. शब्द कुणाचे, चाल कुणाची, गायलं कुणी, रेकॉर्ड केलं कुणी, हे चार ओळींत लिहा. दोघी-तिघींनी मिळून केलं असेल तर सगळ्यांची नावं लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या, सही येत नसेल तर अंगठा. घरी रेकॉर्ड केलं तर फाइलला गाण्याचं आणि तुमचं नाव द्या, आणि तिची एक प्रत दुसऱ्या कुणाच्या फोनमध्येही ठेवा. फोन पाण्याच्या बादलीत पडायला वेळ लागत नाही.

मावशींनी आता दुसरी वही मागितली आहे. पाठ असलेले धवले त्या सांगताहेत, शिवणकाम करणाऱ्या दोघी उतरवून घेताहेत. प्रत्येक धवल्याखाली लिहिलं जातं, कुणाकडून मिळाला. पहिल्या पानावर मावशींच्या सासूबाईंचं नाव आहे. ते आठवायला घरातल्यांना थोडा वेळ लागला, कारण सगळे त्यांना आयाच म्हणत.

आमचं बोलणं इथे थांबवतो. तुमच्या गाण्यांची वही भरू द्या. नमस्कार.